धानोऱ्यात लाईन आहे का? : एका गृहसर्व्हरची मीमांसा

मीमांसकांच्या पद्धतीत एखादा प्रश्न सोडवायचा तर पाच अंगे लागतात : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. वेदवाक्यांवर ही पाचही अंगे शतकानुशतके वापरून झाली आहेत. धानोऱ्यात या क्षणी वीज आहे की नाही, एवढेच सांगणाऱ्या वेबसाइटवर मात्र ती कोणी वापरल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ज्ञानक्षेत्रातली ही पोकळी आजवर कोणाला टोचली नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी स्थलनिश्चिती. महाराष्ट्रात धानोरे उदंड आहेत. खानदेशात आहेत, मराठवाड्यात आहेत, विदर्भात तर विचारूच नका. आमचे धानोरा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघाला. गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडात जाणारा रस्ता धरावा, चातगावचे शोधग्राम मागे टाकावे, की आम्ही येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल, आणि विजेच्या ताराही त्याच जंगलातून येतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात एखाद्या संध्याकाळी वावधन सुटले, ऐनाची एक फांदी तारेवर आली, की लाईन जाते. शेजारच्या चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. आमचा सर्व्हर १५ वॉटवर चालतो. म्हणजे एकट्या चंद्रपूरवर असे एकोणीस कोटींहून अधिक सर्व्हर चालावेत. एक चालवतानाच जी दमछाक होते, ती प्रस्तुत प्रबंधाचा विषय आहे.

‘लाईन आहे का?’ हा प्रश्न आमच्याकडे फावल्या वेळचा नाही. आसपासच्या गावांतून माणसे दळण घेऊन चक्कीवर येतात. गहू, तांदूळ, डाळ जे असेल ते सायकलच्या मागे बांधून सहा-सात किलोमीटर यायचे आणि चक्की बंद दिसली की ओझे तसेच परत न्यायचे, हे कोणाला आवडेल? म्हणून निघण्याआधी चक्कीवाल्याला फोन होतो. चक्की चालू असली की त्याला फोन ऐकू येत नाही, आणि बंद असली की तो घरी जेवायला गेलेला असतो. प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने ही अवस्था दयनीय आहे. आमचे घर आणि चक्की एकाच डीपीवर आहेत. आमच्याकडे लाईन असेल तेव्हा चक्कीवर ती असतेच. नैयायिक जिला व्याप्ती म्हणतात ती इथे गावच्या वायरमनने, नकळत का होईना, सिद्ध करून ठेवली आहे. तेव्हा आमच्या घरची लाईन जगाला दिसली, म्हणजे झाले.

साधन म्हणून भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप घेतला. त्याची एक बिजागरी तुटलेली होती आणि कीबोर्डावरची दोन बटणे गायब होती. सर्व्हरला दोन्हींची गरज नसते, हा त्यातला मोठा दिलासा. पेनड्राइव्हवरून डेबियन ही लिनक्स प्रणाली चढवली. त्यावर एन्जिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर टाकले, जे इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थांनी २००४ मध्ये लोकांसाठी खुले केले. नवशिक्यांच्या माहितीसाठी सांगतो : झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो, आणि झोपलेला सर्व्हर कोणाला काही सांगत नाही. ती झोप सेटिंगमध्ये जाऊन मोडावी लागते. मग राउटरने त्याला १९२.१६८.१.७ असा पत्ता दिला. मोबाइलवर तो आकडा टाकला आणि एन्जिनएक्सचे स्वागताचे पान उघडले. घरातल्या घरात, फ्रिजवरून पलंगापर्यंत, धानोऱ्याने माहितीयुगात प्रवेश केला.

हा पत्ता आमचा एकट्याचा नाही, हे लगेच सांगायला हवे. १९९६ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या नियमाने १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते घरगुती वापराला सोडले आहेत. जगात कोट्यवधी घरांत हाच आकडा नांदतो आहे, आणि कोणाच्याही दाराबाहेर त्याला किंमत नाही.

सर्व्हरची स्थापना फ्रिजवर, स्टॅबिलायझरच्या शेजारी झाली. तिथे एकच बोर्ड आहे, त्याच्यावर मिक्सरचाही हक्क आहे. आईने पहिल्याच दिवशी विचारले, “हा डब्बा कायले दिवसरात्र चालू ठेवला? बिल कोन भरन?” या आक्षेपाला इतिहासात आधार आहे. १९९० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तोही एका टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या काळ्या संगणकावर. कोणी सहज बटण दाबून तो बंद करील या धास्तीने त्यांनी त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. अणुविज्ञानातली एवढी मोठी डोकी जिथे वावरत होती तिथेही ही चिठ्ठी लागली, तर मिक्सरच्या शेजारी ती किती मोठ्या अक्षरांत लागेल याचा विचार व्हावा. आम्ही ती मराठीत लिहून चिकटवली. आईने ती वाचली, मान डोलावली, आणि चटणीच्या वेळी पिन काढली. पुढे खंडेनवमीला मात्र तिने आपण होऊन त्या डब्ब्याला कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले आणि त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली. चिठ्ठीपेक्षा कुंकवाचा अंमल जास्त चालतो, असे आमचे निरीक्षण आहे. सर्नने या दिशेने प्रयोग केल्याचे ऐकिवात नाही.

आता पूर्वपक्ष. पूर्वपक्षी, म्हणजे आमचा भाचा, म्हणतो : पानावर काही लिहायची गरजच नाही. लॅपटॉपची बॅटरी काढून टाका. लाईन असली तर सर्व्हर चालेल, पान उघडेल. लाईन नसली तर पान उघडणार नाही. कोरे पान पुरे, कारण ते उघडले हेच उत्तर.

या मतात एक निर्विवाद सौंदर्य आहे. ही वेबसाइट कधीच खोटे बोलू शकत नाही, कारण ती ‘नाही’ असे म्हणूच शकत नाही. नकाराची वेळ येते तेव्हा ती हजरच नसते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरूनच घडा नाही हे कळते, त्याला प्रत्यक्ष किंवा अनुमान लागत नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. प्रभाकरांच्या पंथातल्या मीमांसकांना तर मुळातच मान्य नाही. शेकडो वर्षे हा वाद घड्यावर चालला. मोबाइलवर गोल गोल फिरणाऱ्या चक्रापर्यंत तो पोहोचला असता, तर दोन्ही बाजूंचा बराच वेळ वाचला असता किंवा आणखी गेला असता.

क्षुल्लकतेचा आक्षेप कोणी घेईल, म्हणून पूर्वसूरींचे दाखले देऊन ठेवतो. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या संशोधकांना कॉफीच्या भांड्यापर्यंत चालत जायचे आणि ते रिकामे बघायचे, याचा कंटाळा आला. त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरची माणसे केंब्रिजमध्ये कॉफी आहे का ते पाहू लागली. ज्यांना ती मिळण्याचा दुरूनही संभव नव्हता तेही पाहत होते. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला आणि त्या कॉफीयंत्राचा लिलाव ३,३५० पौंडांना गेला. दुसरा दाखला १ एप्रिल १९९८ चा. इंटरनेटचे नियम ज्या गंभीर दस्तऐवजमालेत छापले जातात, तिच्यात त्या दिवशी कॉफीची किटली नेटवर कशी चालवावी याचा नियम रीतसर प्रसिद्ध झाला. त्यात तरतूद आहे की चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिने ४१८ हा आकडा पाठवून आपण चहाची किटली असल्याचे कळवावे. आमच्या चक्कीत निदान पीठ निघते.

पूर्वपक्षावर आमचा आक्षेप हेतूच्या शुद्धतेबद्दल आहे. पान उघडले नाही, याची कारणे अनेक संभवतात. लाईन नसेल. लाईन असेल पण रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली असेल. फायबर शाबूत असेल पण राउटर गरम होऊन बसला असेल. वानरांनी छपरावरून उडी मारताना वायर ओढली असेल. किंवा चटणी चालू असेल. इतक्या साध्यांना एकच हेतू लागू पडतो म्हटल्यावर तो सव्यभिचार ठरतो, आणि सव्यभिचार हेतूवर भरवसा ठेवून कोणी वीस किलो गहू सायकलीवर बांधू नये.

शिवाय वहिनींनी याच सुमारास राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचा प्रस्ताव मांडला. त्यांची मालिका ऐन रंगात असताना नेट जाते, हे कारण. पूर्वपक्षाला हा प्राणघातक धक्का होता. सर्व्हरही चुकून इन्व्हर्टरवर गेला, तर गावात अंधार असताना आमची वेबसाइट उजेडात राहील आणि खोटी ठरेल. सत्याच्या रक्षणासाठी इन्व्हर्टर घेऊ नये, अशी भूमिका भाच्याने घेतली. शेजारच्या मेंढा-लेखात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय करते. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. आमच्या घरात वहिनींचा विरोध असला की चर्चाच थांबते. राउटर इन्व्हर्टरवर गेला.

उत्तरपक्ष या संकटातूनच निघाला, आणि तो आम्हांला आजही थोर वाटतो. लॅपटॉपला आपण बॅटरीवर आहोत की लाईनवर, हे आधीपासून कळत असते. लिनक्समध्ये या ज्ञानाची एक फाईल असते. एकात एक अशा चार-पाच फोल्डरांतून आत गेले की ‘ऑनलाइन’ नावाची एक चिमुकली फाईल भेटते आणि तिच्यात एकच अंक लिहिलेला असतो. लाईन असेल तर १, नसेल तर ०. काढलेली बॅटरी परत बसवली; आता पिन काढली की १ चा ० होतो, लावली की पुन्हा १. हे आम्ही पिन काढून-लावून इतके पाहिले की आईला पुन्हा डब्ब्याच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. दर मिनिटाला तो अंक वाचून पानावर ‘लाईन आहे’ किंवा ‘लाईन गेली’ आणि गेल्याची वेळ लिहायची, असा पाच ओळींचा प्रोग्राम भाच्याने लिहिला. राउटर इन्व्हर्टरवर, सर्व्हर भिंतीच्या बोर्डावर. लाईन गेली की बॅटरी जिवंत असेपर्यंत वेबसाइट स्वतःच्या तोंडाने नकार देते. नकारासाठी हजर राहावे लागते, हे तत्त्व एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळाले नसते. बॅटरी म्हातारी असल्याने नकाराची मुदत अर्ध्या तासाच्या आत संपते. तिच्यापुढे पुन्हा कुमारिल भट्टांचे राज्य सुरू होते.

इथपर्यंत सगळे घरात चालले होते. चक्कीवर येणारी माणसे मात्र आमच्या वायफायवर नाहीत. पान दाराबाहेर जायला हवे, आणि प्रबंधाचा खरा गाभा या दारातच अडकला आहे.

नागपूरच्या काकांना पत्ता कळवला. त्यांच्याकडे उघडेना. राउटरमध्ये जाऊन ८० आणि ४४३ या क्रमांकांची दारे आमच्या लॅपटॉपकडे वळवली, तरी उघडेना. मग राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला, तो १०० ने सुरू होणारा होता. इथे खुलासा झाला. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि ते संपत आले. म्हणून शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता द्यायचा आणि आतल्या बाजूला प्रत्येकाला एक कामचलाऊ आकडा, अशी सोय कंपन्यांनी काढली. त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. या पट्ट्यातला माणूस बाहेर कोठेही जाऊ शकतो, पण त्याच्याकडे बाहेरून कोणी येऊ शकत नाही. आपल्या राउटरची दारे हवी तेवढी उघडा. पलीकडे कंपनीचे फाटक आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही.

धानोऱ्यातल्या माणसाला ही परिस्थिती ओळखीची वाटल्यास नवल नाही. मेंढा-लेखाची घोषणा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्या गावाच्या जंगलातला बांबू एके काळी बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या नावाने लागलेला होता. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. जंगल गावाचे, बांबूही गावाचा. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो देणे वन विभागाच्या हाती होते. १९२७ च्या कायद्याने तेव्हा बांबू हा वृक्ष होता, २००६ च्या कायद्याने तोच गौण वनोपज. या दोन व्याख्यांच्या मध्ये बांबू पडून राहिला. घरात वापरा, बाहेर नेऊ नका. आमच्या सर्व्हरची कथा अक्षरशः हीच आहे. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले गेले.

आता तौलनिक कालगणनेचा एक शोध, ज्याचे श्रेय आम्ही सोडणार नाही. आशिया-पॅसिफिक विभागाला इंटरनेटचे पत्ते वाटणारी एपनिक ही संस्था आपल्या मोकळ्या पत्त्यांच्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली ती १५ एप्रिल २०११ रोजी. म्हणजे धानोरा तालुक्यात बांबूचे दार उघडले त्याच्या बाराच दिवस आधी सर्व्हरचे दार लागायला सुरुवात झाली होती. दोन घटनांत कार्यकारणभाव आहे काय? नाही. पण एवढ्या योगायोगावर विद्यापीठांत पदव्या मिळाल्या आहेत.

फाटकातून मार्ग तीन. पहिला, कंपनीकडून दरमहा पैसे देऊन स्वतःचा कायम पत्ता घ्यायचा. चौकशी केली. मिळालेल्या उत्तरांवरून असे दिसले की असा पत्ता मागणारा माणूस बँक तरी चालवत असावा किंवा गुन्हा तरी. दुसरा मार्ग बोगद्याचा. लॅपटॉपने आपण होऊन बाहेरच्या एखाद्या मोठ्या कंपनीशी संबंध जोडायचा आणि पाहुण्यांनी त्या कंपनीच्या दारातून आत यायचे. काम चोख होते, फुकटही होते. फक्त शेजारच्या गल्लीतला माणूस आमची लाईन पाहायला मुंबईला किंवा त्याहून दूर जाऊन येतो. आणि ज्या घरात आपणच सरकार व्हायचे म्हणून डब्बा फ्रिजवर ठेवला, त्याच्या दारात पुन्हा ठेकेदार बसतो. ज्याला चालेल त्याने करावे. आम्हांला रुचले नाही.

तिसरा मार्ग नव्या पत्तेपद्धतीचा, आयपीव्ही६ चा. तिच्यात एकूण पत्त्यांची संख्या ३९ अंकी आहे, तेव्हा कंजुषी करण्याचे कारण उरत नाही आणि प्रत्येक लॅपटॉपला खराखुरा जागतिक पत्ता मिळतो. राउटरची आडकाठी तेवढी एका क्रमांकापुरती काढावी लागली. पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून बदल झाला की नाव-नोंदणीत तो आपोआप लिहिला जाईल अशी तजवीज केली. भारतातले मोबाइल नेटवर्क बहुतांशी या नव्या पद्धतीवर आले आहे, त्यामुळे मोबाइलवरून पान झटकन उघडते. पुण्याला भाच्याच्या कचेरीतल्या वायफायवर ते उघडत नाही, कारण तिथे अजून जुनीच पद्धत आहे. तिथल्या लोकांच्या लेखी धानोऱ्यात कधीच लाईन नसते. त्यांचे तसेही मत हेच होते.

दार उघडले की पाहुणे येतात. वेबसाइटच्या नावाचे सुरक्षा-प्रमाणपत्र काढले की ते नाव एका जाहीर नोंदवहीत चढते, आणि त्या नोंदवहीवर टपलेली यंत्रे पृथ्वीच्या पाठीवर पुष्कळ आहेत. चक्कीचे पहिले गिऱ्हाईक येण्याआधी ती आली. सर्व्हरच्या नोंदीत त्यांचे प्रश्न ओळीने लागले होते. वर्डप्रेसचे लॉगिनचे पान आहे का? डेटाबेसची खोली कुठे आहे? पासवर्डांची फाईल उघडी राहिली आहे का? लाईन आहे का, असे एकाने विचारले नाही. सर्व्हरने प्रत्येकाला शांतपणे ४०४ चे उत्तर दिले. या ४०४ ला लोक उगाच हिणवतात. मागितलेली वस्तू घरात नाही, असे घरातल्या कोणीतरी दाराशी येऊन सांगणे म्हणजे ४०४. वस्तूचा अभाव आणि सांगणाऱ्याचा भाव एकाच वेळी सिद्ध करणारे हे वाक्य आहे. घड्यावर वाद घालणाऱ्यांच्या हाती ते लागले असते तर एकेका अंकावर एकेक भाष्य झाले असते.

निर्णय. चक्कीवर आता भिंतीला एक कागद लावलेला आहे, त्यावर वेबसाइटचे नाव आहे. तरुण पोरे मोबाइलवर पाहून येतात. म्हातारी माणसे चक्कीवाल्याला फोन करतात, आणि चक्कीवाला, आम्ही स्वतः पाहिले आहे, फोन खांद्याला धरून दुसऱ्या मोबाइलवर आमचे पान उघडतो आणि मग डोक्यावरचा बल्ब जळताना दिसत असूनही पान पाहूनच सांगतो, “आहे, या.” शब्दप्रमाणाने प्रत्यक्षावर मात केल्याचे याहून स्वच्छ उदाहरण धानोरा तालुक्यात तरी दुसरे नाही.

घरी जुना लॅपटॉप पडला असेल तर वाचकांनीही करून पाहावे. राउटरचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ ठेवू नये, २२ क्रमांकाचे दार बाहेरून बंद ठेवावे, आणि फ्रिजवर जागा करण्याआधी मिक्सर कोणाच्या ताब्यात आहे याची चौकशी करावी. आमच्या पानाचा पत्ता इथे देत नाही, यंत्रे आहेत तेवढी पुरेत. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना विनंती एवढीच : लाईन गेलेली असताना पान सारखे ताजे करू नका. त्याने लाईन लवकर येत नाही, आमची बॅटरी मात्र लवकर जाते.